अंगणवाडीच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि बेळगाव तालुक्यातून आली आहेत आणि सगळी अंगणवाडीबद्दल आहेत. काहींत प्रश्न आहेत, काहींत नुसता राग. रागाच्या पोटात बहुतेक वेळा एक साधा प्रश्न दडलेला असतो. तो वेगळा काढून उत्तर दिलं आहे. पत्रलेखकांची आणि गावांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

मुलीला तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून जूनपासून अंगणवाडीत घातलं. रोज रडून आकांत करते. बाई म्हणतात, सोडून जावा, आपोआप गप्प होईल. सासूबाई म्हणतात, एवढ्यात कशाला पाठवायचं. किती दिवस वाट बघायची?
(एक आई, खानापूर तालुका)

आठ ते दहा दिवस धरा, पण ते ठरवून वापरा. पहिले दोन दिवस तासभर तिच्यासोबत आत बसा आणि तिला घेऊनच घरी या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही ओट्यावर, ती आत. दार उघडं असू दे, मान वळवली की आई दिसली पाहिजे. पाचव्या दिवसापासून अर्धा तास निघून जा, मग तास, मग जेवणापर्यंत. जाताना तिला सांगून जा आणि परत कधी येणार ते तिला कळेल अशा भाषेत सांगा. 'पाच मिनिटांत येते' याला तिच्या लेखी काही अर्थ नसतो, 'खिचडी खाऊन झाली की येते' हे तिला समजतं. मात्र मग खिचडी संपताना तुम्ही दारात हव्यात. एकदा शब्द मोडला की आठवडाभराची कमाई जाते.

खेळात गुंतली म्हणून मागच्या मागे पळून येणं ही सगळ्यांत मोठी चूक. मूल त्या दिवशी गप्प होतं, पण दुसऱ्या दिवसापासून पदर सोडत नाही, कारण नजर हलली की आई गायब होते हे ते शिकलेलं असतं. आजोबा-आजींनी खिडकीतून डोकावणंही टाळावं. रविवारनंतरचा सोमवार जड जातो, तेव्हा त्या दिवशी थोडं लवकर न्या. आईच्या जुन्या साडीचा किंवा दुपट्याचा तुकडा पिशवीत ठेवला तर बऱ्याच मुलांना आधार वाटतो. आणि तुमच्याकडच्या पावसात कोरड्या कपड्यांचा एक जोड रोज हवाच. ओली चड्डी हेही रडण्याचं कारण असतं.

दोन आठवड्यांनंतरही रडणं कमी झालं नाही तर कारण शोधा. आधी संडास बघा. अंधार, न लागणारी कडी, कोरडी बादली यांमुळे मुलं तास न् तास लघवी दाबून बसतात आणि ते सांगता येत नाही म्हणून रडतात. मग एखादं मोठं मूल ढकलतं का, कान दुखतो का, घरून उपाशी जाते का, हे बघा. सासूबाईंना मात्र सांगा की तीन वर्षं हे अंगणवाडीचं योग्य वय आहे.

आमच्या अंगणवाडीत खिचडी उरते, दुधात गुठळ्या होतात. पोरं खात नाहीत म्हणून मदतनीस बाईंना बोलणी बसतात. चूक कुणाची?
(बालविकास समितीतल्या दोन आया, बेळगाव तालुका)

आधी ताटात किती पडायला हवं ते बघू, मग चूक आपोआप सापडेल. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात मुळात होतं. ताटात ते साधारण असं बसतं: 60 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ यांच्या 275, एक चमचा तेलाच्या 45, दीडशे मिली दुधाच्या जवळपास 100 आणि अंड्याच्या दिवशी अंड्याच्या 75. म्हणजे वीस मुलांना तांदूळ 1 किलो 200 ग्रॅम, डाळ 400 ग्रॅम, तेल 100 ग्रॅम. तुमच्या केंद्राला आलेला तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा, पण हिशेब याच पद्धतीनं करा. आणि वजनकाट्यावर करा. 'दोन शेर टाकले' या अंदाजात डाळ नेहमी कमी पडते, आणि खिचडीतलं सगळ्यांत मोलाचं तेच असतं.

आता उरते का? पहिलं कारण तिखट. आपल्याकडच्या मोठ्यांच्या जिभेला बेताची वाटणारी मिरची तीन वर्षांच्या मुलाला झोंबते. फोडणीत हळद, जिरं, लसूण, कढीपत्ता पुरे. दुसरं कारण घट्टपणा. मोकळ्या शितांची खिचडी मोठ्यांना आवडते, पण लहान मूल ती चावत बसतं आणि कंटाळून उठतं. भांड्यात शिजवताना धान्याच्या मापाच्या चौपट पाणी घ्या, कुकरमध्ये थोडं कमी, आणि डावाच्या पाठीनं घोटा. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले तर गॅसही वाचतो. तिसरं कारण केंद्राबाहेर आहे. वाटेवरच्या दुकानातलं पाच रुपयांचं बिस्किटाचं पाकीट घेऊन येणारं मूल साडेबाराला जेवणार नाहीच. ही गोष्ट आयांनीच आयांना सांगायची, मदतनीस बाईंनी नव्हे. चौथं कारण: ताटात पडते तेव्हा खिचडी कढत असते. दहा मिनिटं परातीत पसरून ठेवा.

भाजी खिचडीतच घाला, पण किसून किंवा बारीक चिरून. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला चालतो. आपल्या भागात रताळी मुबलक निघतात. उकडून, कुस्करून, चिमूटभर वेलची घालून दिली तर पहिल्याच दिवशी संपतात. खानापूरकडे नाचणी घरोघर असते, तिची आंबील मुलांना ओळखीची असते आणि ओळखीची चव आधी उतरते.

दुधाचं म्हणाल तर गुठळ्यांचं कारण एकच, उकळत्या पाण्यात थेट टाकलेली भुकटी. कर्नाटकात क्षीरभाग्य योजनेतून 2013 पासून अंगणवाडीच्या मुलांना दीडशे मिली दूध मिळतं. वीस मुलं म्हणजे तीन लिटर. भुकटीचं प्रमाण पाकिटावर असतं ते काट्यावर मोजा. आधी अर्धा लिटर कोमट पाण्यात भुकटी थोडी थोडी भुरभुरत रवीनं घुसळा, गुठळी राहिली नाही याची खात्री करा, मग हे दूध उरलेल्या गरम पाण्यात ओता आणि सतत ढवळत एक उकळी आणा. बूड लागलं की जळका वास सगळ्या दुधाला लागतो आणि मुलं पेला बाजूला सारतात, म्हणून जाड बुडाचं पातेलं घ्या. फोडलेलं पाकीट दोरीनं बांधून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ओता. पावसाळ्यात भुकटी दोन दिवसांत ढेकळं धरते.

अंडी थंड पाण्यात टाकून गॅसवर चढवा, उकळी आली की दहा-बारा मिनिटं. पाण्यात पूर्ण तरंगणारं अंडं बाजूला काढून फेकून द्या. वाढायच्या आधीच सोला आणि लहान मुलांना चार फोडी करून, पाण्याच्या पेल्यासोबत द्या. कोरडा पिवळा बलक घशाला चिकटतो. ज्या घरांत अंडं चालत नाही त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा म्हणजे ऐन पंगतीत मुलाला अवघडायला होत नाही.

आणि मदतनीस बाईंबद्दल. ती एकटी पाणी भरते, झाडते, शिजवते, वाढते, पोरांना संडासला नेते. बोलणी लावण्याआधी एक दिवस तिच्यासोबत दहा ते एक उभं राहून बघा. वाढण्याच्या अर्ध्या तासात दोन आया पाळीनं आल्या तरी निम्मी खिचडी वाचते, कारण लहानांना भरवायला हात मिळतात.

मला बालविकास समितीची अध्यक्ष केलंय. सही मागतात तेव्हा सही देते. अध्यक्षानं आणि काय करायचं असतं?
(एक आई, निपाणी तालुका)

पुष्कळ करायचं असतं, आणि सही त्यातली शेवटची गोष्ट. बालविकास समितीत अंगणवाडीत येणाऱ्या मुलांच्या आयाच मुख्य असतात. अध्यक्षही त्यांच्यातलीच असते आणि सेविका सचिव. बँकेचं खातं दोघींच्या सहीनं चालतं. म्हणजे कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या पावतीवर सही केली तर त्या पैशाचा जाब तुम्हालाही विचारला जाईल. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली असल्याशिवाय सही करू नका. सेविका कितीही चांगल्या असल्या तरी नाही. यात त्यांचंही भलं आहे, उद्या तपासणी आली तर एकट्या त्यांच्यावर येत नाही. पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि बैठकीत उघडून सगळ्यांपुढे ठेवा.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या आया दुपारी येऊ शकत नाहीत. त्यामुळे दुपारी बारा वाजता ठेवलेली बैठक ही कागदावरचीच बैठक असते. संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात, ओट्यावर, असं करून बघा. पाऊण तासात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, हजेरी आणि शिधा जुळतो का. समजा पटावर बावीस मुलं आहेत आणि आठवड्यातून दोन अंडी मिळतात. चार आठवड्यांची पूर्ण हजेरी धरली तर 176 अंडी लागतील. रोज सरासरी अठरा मुलं येत असतील तर 144. वहीत 176 खर्ची पडलेली दिसली तर उरलेली 32 कुठं गेली हे शांतपणे विचारायचं. उत्तर साधं असू शकतं: फुटली, गरोदर बायकांच्या मातृपूर्णच्या जेवणात गेली, लिहिताना चुकलं. पण प्रश्न दर महिन्याला विचारला जातो हे सगळ्यांना माहीत असलं की वही आपोआप नीट राहते.

दुसरी, साठा. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. जुनं आधी संपवायचं. पाकिटांवरची तारीख बघायची. तांदळात सोंडे झाले असतील तर उन्हात पसरून, चाळून घ्यायचे. कडुनिंबाचा वाळलेला पाला पोत्यात घालायचा, पण ओला पाला नको, त्यानं बुरशी धरते.

तिसरी, जागा. गॅसची नळी, शेगडी मुलांच्या हाताला लागते का, दाराच्या कडीची उंची, पाण्याच्या टाकीचं झाकण, गळणारं छप्पर. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. छप्पर, संडास, कुंपण यांसाठी लेखी अर्ज ग्रामपंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं काम आराखड्यात चढत नाही. ग्रामसभेत चार आया उभ्या राहून बोलल्या तर त्याची नोंद होते.

चौथी, कोणतं मूल येत नाही आणि का. या एका प्रश्नाला निम्मा वेळ द्या. यादीतलं नाव वाचायचं आणि शेजारणीला विचारायचं. आजारी आहे, आजोळी गेलंय, की मोठी बहीण त्याला सांभाळायला शाळा बुडवून घरी बसलीय?

तक्रार असेल तर आधी सेविकेशी, मग पर्यवेक्षिकेशी, मग तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) कार्यालयात, लेखी. मुलाला मारहाण किंवा काही गैर झाल्याचा संशय असेल तर ही पायरी धरत बसू नका, 1098 हा मुलांसाठीचा फोन लगेच लावा.

वाढदिवसाला केक आणि फुगे नेले तर चालतात का?
(एक बाबा, बेळगाव शहर)

फुगे नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर बसला तर बाहेर काढणं फार कठीण जातं. क्रीमचा केक उन्हात दोन तासांत बिघडतो. नाचणीचे मऊ लाडू, केळी किंवा एक चित्रांचं पुस्तक न्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे या वयात नकोत. कूट करून चालतं.

नातवाचं वजन मागच्या महिन्यात 11.4, या महिन्यात 11.2. बाई म्हणतात, पोर उतरलं. घरी तर नीट जेवतो. खरं काय मानायचं?
(एक आजी, चिक्कोडी तालुका)

आधी वजन पुन्हा करून घ्या, मग काळजी करा. दोन वर्षांच्या पुढं मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढतं, म्हणजे महिन्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम. आणि टांगायच्या काट्यावरचं एक घर शंभर ग्रॅमचं असतं. मागच्या खेपेला स्वेटर, करदोटा आणि वाळे घालून तोललं आणि या खेपेला नुसत्या चड्डीवर, तर एवढा फरक तिथंच पडतो. महिन्याची सगळी वाढ एका स्वेटरात लपू शकते.

नीट तोलायची रीत अशी. काटा पक्क्या आढ्याला, वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत टांगायचा. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायचा, झोळी लावायच्या आधी नव्हे. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे, पायांत काही नाही, पाय जमिनीला किंवा भिंतीला टेकलेले नाहीत, आणि कुणी झोळीला हात लावलेला नाही. काटा थरथरायचा थांबला की वाचायचं, मोठ्यानं बोलायचं आणि लगेच लिहायचं. डिजिटल काटा असेल तर तो सपाट फरशीवर हवा, सतरंजीवर नको. दर महिन्याला साधारण त्याच वेळी, जेवणाआधी. आणि एका काट्यावरचं वजन दुसऱ्या काट्यावरच्या वजनाशी जुळवू नका.

उंचीतही अशीच गफलत होते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला आडवं झोपवून मोजायचं, पुढच्याला उभं करून. उभं मोजलेलं माप आडव्यापेक्षा सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. म्हणून लहान बाळ उभं मोजलं असेल तर तेवढं मिळवून लिहायचं, नाहीतर ते उगाच बुटकं ठरतं.

पुन्हा तोलूनही वजन उतरलेलं असेल, किंवा सलग दोन महिने वाढलंच नसेल, तर मात्र ते मनावर घ्या. जेवतो म्हणजे किती, हे तीन दिवस वाटीनं मोजून लिहा. जुलाब, ताप, खोकला झाला होता का? जंताची गोळी कधी दिली होती? ती दोन वर्षांपुढं पूर्ण, एक ते दोन वर्षांत अर्धी आणि चुरून देतात. सहा महिन्यांनी एकदा मिळते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. चुकली असेल तर आशाताईंना सांगा.

दंडाची पट्टी ही दुसरी खूण, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. डावा हात सैल सोडलेला, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी, आवळायची नाही आणि सैलही नाही. 12.5 सेंटिमीटरच्या खाली लक्ष द्यायचं. 11.5 च्या खाली आलं तर त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खळगा राहतो का, तेही बघा. अशी सूज असेल तर वजन बरोबर दिसलं तरी फसू नका, ते वजन पाण्याचं असतं. अशा मुलाला मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण दोन आठवडे ठेवून घेतात. 'घरी डाळ-भात चारला की सुधारेल' असं म्हणून ते टाळू नका. इतक्या उतरलेल्या मुलाला एकदम भरपूर चारणंही धोक्याचं असतं.

घरी मराठी, अंगणवाडीत बाई कन्नड. पोरगं काहीच बोलत नाही. मतिमंद आहे काय अशी शंका लोक घेतात. मराठी सेविका मागावी की इंग्रजी शाळेत घालावं?
(आई-वडील, बेळगाव तालुका)

घरी बोलतो ना? आजीशी भांडतो, गोष्ट मागतो, नावं घेतो? मग त्याच्या बुद्धीत काही उणं नाही. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत असतात. त्या गप्प काळात ती शब्द साठवतात. घरीही बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर कान तपासा. ती गोष्ट वेगळी आणि तिला उशीर नको.

तुमची मागणी रास्त आहे. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय असावी, असं राज्यघटनेचं कलम 350 क सांगतं. ते 1956 पासून आहे. 2020 चं शैक्षणिक धोरण आणि 2022 चा पायाभूत टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडाही लहान वयात घरच्या भाषेवरच भर देतात. तेव्हा मराठी मुलं किती, कन्नड किती, उर्दू किती अशी वयानुसार यादी करून समितीच्या सह्यांनी सीडीपीओंकडे जरूर मागणी करा. यादीशिवाय मागणी केली तर ती मतावर जाते, यादी जोडली तर आकड्यावर. पण उत्तर येईपर्यंत मुलाचं वर्ष वाया जाता कामा नये. तोवर गावानं करायचं ते असं.

पहिल्या पंधरवड्यात सेविकेला दहा-बारा मराठी शब्द पक्के करून द्या आणि मुलाला तितकेच कन्नड. गरजेचे, पुस्तकातले नव्हेत. पाणी म्हणजे नीरु, दूध हालु, जेवण ऊटा, अंडं आपल्या भागात तत्ती, हात धू म्हणजे कै तोळि, पोट दुखतंय म्हणजे होट्टी नोवु, नको म्हणजे ब्याडा, ये म्हणजे बा. याची चित्रं काढून भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, खाली दोन्ही लिप्यांत शब्द. 'लघवीला जायचंय' यासाठी एक हाताची खूण सगळ्यांनी मिळून ठरवा. भाषा येईपर्यंत ती खूण मुलाची अब्रू राखते.

मग आठवड्यातून दोन दिवस मराठी आजी आणि दोन दिवस कन्नड अज्जी, अर्धा तास. गोष्ट, ओवी, बडबडगीत, जे येतं ते. एकाच बैठकीत एकच भाषा ठेवा. दर वाक्याचं लगेच भाषांतर केलं की मुलं आपली भाषा येईपर्यंत दुसरीकडे कानच देत नाहीत. त्यापेक्षा एकच गोष्ट सोमवारी मराठीत आणि गुरुवारी त्याच चित्रांवरून कन्नडमध्ये सांगा. गोष्ट ओळखीची असली की शब्दांचा अर्थ आपसूक लागतो. सेविकेनं मुलाला 'मराठीत बोलू नको' असं कधीही म्हणू नये. घरीही कुणी कन्नड शब्दाला हसू नये. शेजारच्या कन्नड मुलासोबत भातुकली मांडू द्या, महिनाभरात फरक दिसतो.

इंग्रजी शाळेत घातल्यानं हा प्रश्न सुटत नाही. एका अनोळखी भाषेऐवजी दुसरी पुढं येते, आणि ती तर ओट्यावर कुणीच बोलत नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाला अजून अ-आ काढता येत नाही. अंगणवाडीत नुसतं खेळवतात. शिकवत का नाहीत?
(एक बाबा, निपाणी)

खेळवतात तेच शिकवणं आहे. या वयात बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पेन्सिल धरण्याइतके तयार नसतात. कणीक मळणं, मटकीतून चवळी निवडणं, ओवायला मोठे मणी, पाण्यानं भरलेला स्पंज पिळणं, ओल्या खडूनं फरशीवर मोठाल्या रेघा, याच्यातून अक्षराचा हात तयार होतो. जबरदस्तीनं पाटी गिरवायला लावलेली मुलं पेन्सिल मुठीत धरायला शिकतात आणि ती सवय पुढं पहिलीपर्यंत सुटत नाही. मात्र अंगणवाडीत दिवसभर नुसतं बसवून ठेवत असतील, गोष्ट नाही, गाणं नाही, मोकळं खेळणं नाही, तर तुमची तक्रार खरी आहे आणि ती समितीत मांडा.

ऊसतोडीला आलेल्या टोळीची पोरं आमच्या अंगणवाडीच्या दारात उभी राहतात. त्यांची नावं महाराष्ट्रात. जेवण देता येतं का?
(एक सेविका, चिक्कोडी तालुका)

येतं, आणि द्यायलाच हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. तो गावच्या रेशनकार्डाला बांधलेला नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर स्थलांतरित कुटुंबाची नोंद दुसऱ्या केंद्राकडे घेता येते, राज्य बदललं तरी. मुलाचं स्वतःचं आधार कार्ड नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते. टोळी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मुकादमाकडून मुलांची आणि गरोदर बायकांची यादी घ्या, पर्यवेक्षिकांना वाढीव शिध्याची मागणी लेखी कळवा, म्हणजे पटावरच्या मुलांच्या ताटातून काढून द्यावं लागत नाही.

महाराष्ट्रातलं लसीकरणाचं कार्ड इथंही चालतं. कार्ड हरवलं असेल तर आशाताई आणि नर्सबाई आईला विचारून, डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून पुढचं ठरवतात. मुलांची अडचण वेळेची असते. आई-बाप पहाटे फडात जातात, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, आठ वर्षांची बहीण असते. गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्यानं किंवा समितीतल्या आईनं सकाळी दहाला कोपीवरून मुलं आणायची जबाबदारी घेतली तरच ती येतात. तुमच्या पंचायतीत कूसिन मने, म्हणजे मजुरांच्या बाळांसाठीचं पाळणाघर, सुरू असेल तर अगदी लहानांची तिथं सोय होते का, ते पीडीओंना विचारा. मग थोरल्या बहिणीला शाळेत बसता येईल.

अंगणवाडीच्या आवारात परसबाग करायची आहे. दोनदा लावली, दोन्ही वेळा पावसात गेली.
(महिला संघ, खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग)

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस रोपाला मारतो तो मुळं कुजवून. सपाट वाफे करू नका. गुडघ्याच्या निम्म्या उंचीचे गादीवाफे करा, मध्ये पाणी जायला चर, आणि जूनमध्ये लावण्याऐवजी पालेभाज्या सप्टेंबरच्या शेवटी पेरा. पावसाळ्यात फक्त अळू, हळद आणि मांडवावर दोडका-काकडी ठेवा.

शेवगा हवाच. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, निम्मं शेणखत, आणि वर मातीचा उंचवटा करून त्यावर रोप, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही. रोप कमरेला आलं की शेंडा खुडा, नाहीतर ते ताडासारखं उंच जातं आणि पाला काढायला शिडी लागते. दोन झाडं पुरतात. पपईची दोन-तीन, कढीपत्ता एक, लिंबू कुंपणाच्या आतल्या कोपऱ्यात पण खेळायच्या जागेपासून लांब, काट्यांमुळे. हात धुतलेलं पाणी चरानं पपईकडे वळवा. कीटकनाशक अजिबात नको. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी.

आणि बाग मरते ती मे महिन्यात, सुट्टीत पाणी न घातल्यानं. लावण्याआधीच मेच्या पाण्याची पाळी कुणाची, ते भिंतीवर लिहून ठेवा.

घरातल्या वस्तूंची खेळणी करून द्यायची आहेत. काय चालतं, काय नाही?
(बचत गटाच्या सदस्या, बेळगाव तालुका)

चालतं ते: धुतलेले डबे आणि झाकणं, नारळाच्या करवंट्या घासून, कापडी चेंडू, चिंध्यांच्या बाहुल्या, रिकामी रिळं. वडगाव-शहापूरकडे मागावरचे रंगीत दोरे आणि कापडाचे तुकडे मिळतात, त्यांच्या बाहुल्या फार छान होतात. दोरा मात्र वीतभरापेक्षा लांब ठेवू नका, गळ्याभोवती अडकतो.

तीन वर्षांखालचं मूल खोलीत असेल तर पाण्याच्या बाटलीच्या टोपणात मावणारी कोणतीही वस्तू नको. चिंचोके, गोट्या, बटणं सगळी त्यात येतात. मोठ्या मुलांना ती मोजायला द्या, पण मोजून द्या आणि मोजून परत घ्या. खेळण्यातली, घड्याळातली चपटी बटण-बॅटरी सगळ्यांत वाईट. गिळली तर तासा-दोन तासांत अन्ननलिका भाजते, थेट मोठा दवाखाना गाठायचा. गुंजा दिसायला सुंदर असतात म्हणून बरेचजण मण्यांसारख्या ओवून देतात. त्या विषारी आहेत. एरंडाच्या बियाही तशाच, आणि कुंपणाला लावलेली कण्हेरही. आवारात यांपैकी काही असेल तर खेळणी करण्याआधी ते काढा, मुळासकट, हातात मोजे घालून.